गॅरेजमधलं डेट्रॉइट

जून १९५७मध्ये अमेरिकेतल्या टल्सा शहराने एक कोरी करकरीत गाडी जमिनीत पुरली. ओक्लाहोमा राज्याच्या स्थापनेला पन्नास वर्षं झाली, त्याचा तो सोहळा. गाडी होती सोनेरी-पांढऱ्या रंगाची प्लिमथ बेल्व्हेडिअर. कोर्टासमोरच्या हिरवळीखाली काँक्रीटचं तळघर बांधलं होतं आणि ते पन्नास वर्षांनी उघडायचं ठरलं होतं. २००७ साली शहराची लोकसंख्या किती असेल, याचा ज्याचा अंदाज सगळ्यात जवळ जाईल त्याला ही गाडी बक्षीस मिळणार होती. तोवर पेट्रोलच्या गाड्या इतिहासजमा झाल्या तर पंचाईत नको, म्हणून सोबत पेट्रोल आणि इंजिन ऑइलही ठेवलं होतं. अणुहल्ल्यालाही हे तळघर दाद देणार नाही असा लोकांचा विश्वास होता. पाण्याला मात्र त्याने दाद दिली. २००७च्या जूनमध्ये, हजारो लोक बघायला जमलेले असताना, बाहेर आली ती चिखलाने आणि गंजाने माखलेली गाडी. पुढे न्यू जर्सीत कित्येक महिने तिचा गंज उतरवायचा प्रयत्न झाला. वरचा थर गेला, थोडा रंगही दिसू लागला, पण हात लावला तर पत्रा तुटावा अशी तिची गत होती. आज ती इलिनॉयमधल्या एका संग्रहालयात आहे.

गंमत म्हणजे त्याच काळातल्या कितीतरी गाड्या ॲरिझोनाच्या कोरड्या माळावर, उघड्या आभाळाखाली, कुणीही काळजी न घेता तीस-चाळीस वर्षं पडून होत्या आणि आज त्या मजेत धावताहेत. त्यांना सरकारी तळघर मिळालं नव्हतं. त्यांना कुणी प्लंबर, कुणी शाळामास्तर, कुणी निवृत्त टपाल कर्मचारी भेटला. त्याने भंगाराच्या भावात सांगाडा उचलला, घरच्या गॅरेजमध्ये आणून लावला आणि पुढची पाच-सात वर्षं रात्री जेवणं झाल्यावर तिथे जाऊन हात काळे केले.

अशा हौशी मंडळींची अमेरिकेत एक मोठी दुनियाच आहे. त्यांची स्वतःची मासिकं आहेत, जत्रा आहेत, सुट्या भागांचे जाडजूड कॅटलॉग आहेत आणि अर्थातच आपसातली भांडणंही आहेत. पण त्या दुनियेतली सगळ्यात मजेची गोष्ट वेगळीच आहे. ही माणसं ज्या गाड्या जिवापाड जपतात, त्या जपण्यासाठी बनवलेल्याच नव्हत्या.

जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांनी १९२०च्या दशकातच एक गोष्ट हेरली होती. ज्याला गाडी परवडते त्याच्या दारात ती आलेली आहे. आता धंदा चालू ठेवायचा तर दारातली गाडी त्याला जुनाट वाटायला हवी. दरवर्षी नवं मॉडेल काढायची रीत त्यातून रुजली. १९२७मध्ये कंपनीने हार्ली अर्ल यांच्या हाताखाली गाड्यांचं रूप ठरवणारा स्वतंत्र विभाग काढला. १९४८च्या कॅडिलॅकला मागच्या बाजूला छोटे पंख फुटले. ते दुसऱ्या महायुद्धातल्या पी-३८ या लढाऊ विमानाच्या शेपटीवरून सुचले होते. १९५९पर्यंत ते वाढत वाढत पार अणकुचीदार झाले आणि त्यांच्या मधोमध लाल दिव्यांच्या जोड्या आल्या. आतल्या यंत्रात फारसा फरक नसायचा. बदलायचा तो वरचा पत्रा आणि क्रोम. व्हान्स पॅकार्ड यांनी १९६०मध्ये ‘द वेस्ट मेकर्स’ या पुस्तकातून या उधळपट्टीवर कोरडे ओढले, ते काही उगाच नव्हे.

पण याच कारभाराने नकळत हौशी माणसाची सोय करून ठेवली. गाड्या लाखांनी निघाल्या, त्यामुळे त्यांचे सुटे भागही लाखांनी निघाले. आतलं यंत्र तेच राहिलं, त्यामुळे एका वर्षाचा भाग दुसऱ्या वर्षाच्या गाडीला बसू लागला. शेवरोलेने १९५५मध्ये ‘स्मॉल ब्लॉक’ नावाचं व्ही-८ इंजिन आणलं. आकारमान २६५ घन इंच, म्हणजे जेमतेम ४.३ लिटर. पुढे त्याची क्षमता वाढत गेली, पण गिअरबॉक्सला जोडणाऱ्या बोल्टांची मांडणी कित्येक दशकं तशीच राहिली. त्यामुळे १९५५च्या गाडीत सत्तरच्या दशकातलं ५.७ लिटरचं इंजिन बसवायला फार मोठी विद्या लागत नाही. २०११मध्ये या घराण्यातलं दहा कोटीवं इंजिन बाहेर पडलं. जो भाग दहा कोटी गाड्यांत बसला, तो जगातून नाहीसा होणं तसं कठीणच.

दुसरी सोय घराची. अमेरिकन उपनगरातल्या घराला बहुधा दोन गाड्यांचं गॅरेज जोडलेलं असतं. हौशी माणसाच्या घरी रोजची गाडी बाहेर बर्फात उभी असते आणि आत उबेला असतो तो गंजका सांगाडा. भोवती कॉम्प्रेसर, वेल्डिंग मशीन, इंजिन उचलायची छोटी क्रेन आणि पान्यांचा ढीग. पानेही इंचांतले. आपल्याकडचा १२-१३चा पाना तिथे चालत नाही. तिथे अर्धा इंच, नऊ-सोळांश इंच अशी भाषा. बाकी यंत्र समजायला सोपं. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत. एक कार्ब्युरेटर, एक डिस्ट्रिब्युटर आणि त्यातले सीबी पॉइंट. आपल्याकडे ज्यांनी फियाट किंवा ॲम्बेसिडर वापरली आहे, त्यांनी बॉनेट उघडलं तर आतलं निम्मंअधिक चटकन ओळखीचं वाटेल.

अशा घरगुती खटाटोपाचा मासला बघायचा तर पहिल्या पिढीची फोर्ड मस्टँग घ्यावी. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. किंमत २,३६८ डॉलरपासून पुढे. पहिल्याच दिवशी २२ हजार गाड्यांची मागणी नोंदली गेली आणि पहिल्या वर्षात चार लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. दिसायला ती खेळकर आणि महागडी होती, पण आत बरंचसं सामान फोर्डच्याच फाल्कन या साध्यासुध्या, किफायतशीर गाडीचं होतं. किंमत कमी ठेवता आली ती त्यामुळेच, आणि साठ वर्षांनंतर तिची दुरुस्ती सोपी जाते तीही त्यामुळेच.

मस्टँग घेताना जाणकार माणूस इंजिन आधी बघत नाही. तो पाण्याचा जग घेऊन येतो. समोरच्या काचेच्या खाली, बॉनेटच्या मागे हवा आत घेणाऱ्या बारीक खाचा असतात. त्यांत तो पाणी ओततो आणि डॅशबोर्डखाली डोकं घालून पाहतो. पाणी चाकामागच्या वाटेने जमिनीवर गेलं तर ठीक. आत पायाशी टपकलं तर समजायचं की काम मोठं आहे. त्या खाचांखाली दोन पत्र्यांमधली एक बंद पोकळी आहे. कारखान्यात तिच्या आतल्या बाजूला रंग धड पोचतच नसे. वर्षानुवर्षं त्यात झाडाची पानं साचतात, ओल धरून ठेवतात आणि पत्रा आतून कुजतो. मग पावसाचं पाणी सतरंजीखाली मुरतं आणि गाडीचा तळही जातो.

हे दुरुस्त करायचं तर वरचा पत्रा पूर्ण काढावा लागतो. तो बोल्टांनी बसवलेला नाही, डझनावारी स्पॉट वेल्डने चिकटवलेला आहे. एकेक वेल्ड शोधायचा, त्याच्या मधोमध खूण करायची आणि खास ड्रिलने फक्त वरचा पत्रा कापायचा. खालच्याला धक्का लागता कामा नये. घाई केली की खालच्या पत्र्यालाही भोक पडतं आणि मग ते भरत बसावं लागतं. तळ कापायचा झाला तर त्याआधी आणखी एक काळजी. मस्टँगला वेगळी चेसिस नाही, सगळी बॉडी हाच तिचा सांगाडा. तळ कापल्यावर ती मध्ये वाकते, विशेषतः उघड्या टपाची असेल तर. म्हणून आधी दारांच्या चौकटींत लोखंडी आडव्या पट्ट्या वेल्ड करून घ्यायच्या आणि मगच कटर चालवायचा. हे ज्यांना माहीत नसतं त्यांना ते नंतर कळतं. नवा तळ छान बसलेला असतो, रंगही झालेला असतो आणि दार मात्र लागत नाही.

जुनी गाडी विकणारे सगळेच एवढी मेहनत घेतात असं नाही. १९५०च्या दशकात पॉलिएस्टरची लांबी बाजारात आली आणि गंजलेल्या पत्र्यावर ती थापून वर चकचकीत रंग मारायचा सोपा मार्ग सापडला. वरून कीर्तन, आतून तमाशा. म्हणून अनुभवी गिऱ्हाईक खिशात छोटं चुंबक बाळगतं. चाकांवरच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, मागचा मडगार्ड अशा जागी ते फिरवतं. चुंबक चिकटलं नाही तर तिथे पत्रा नाही, लांबी आहे.

आणि नंबरही वाचता यायला हवा. १९६५च्या मस्टँगचा नंबर ‘५एफ०७सी’ असा सुरू होत असेल तर ५ म्हणजे वर्ष, ‘एफ’ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना (सॅन होजेचा असेल तर ‘आर’, मेटचेनचा असेल तर ‘टी’), ०७ म्हणजे साधी टपाची दोन दारी गाडी, ‘सी’ म्हणजे दोन तोंडांच्या कार्ब्युरेटरचं २८९ घन इंची व्ही-८. याच जागी ‘के’ असेल तर २७१ अश्वशक्तीचं खास इंजिन, आणि तेवढ्या एका अक्षराने किंमत कुठल्या कुठे जाते. साहजिकच सहा सिलिंडरच्या साध्या गाडीला व्ही-८चा साज चढवून खपवण्याचे प्रकार इथे होतात. मूळ कागद शोधण्याची धडपडही त्याचमुळे. कारखान्यात गाडीला काय काय बसवायचं याची यादी कामगारांकडे असायची, आणि ती कधी मागच्या सीटच्या स्प्रिंगांत, कधी पेट्रोलच्या टाकीवर अडकून राहायची. पन्नास वर्षांनी सीट उसवताना असा चुरगळलेला, उंदरांनी कुरतडलेला कागद सापडला, की त्या रात्री त्या घरात दिवाळी.

सुटे भाग मिळतात कुठे? पूर्वी भंगारात. शिकागोत लिथुआनियाहून आलेल्या एका स्थलांतरिताने १९१५मध्ये काढलेल्या भंगाराच्या दुकानातून ‘जे. सी. व्हिटनी’ ही टपालाने भाग पाठवणारी नामांकित पेढी उभी राहिली. १९५४मध्ये ‘हेमिंग्ज मोटर न्यूज’ हे निव्वळ जुन्या गाड्यांच्या आणि भागांच्या जाहिरातींचं मासिक निघालं. पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी या चॉकलेटच्या गावी दर शरद ऋतूत जुन्या गाड्यांच्या भागांचा प्रचंड बाजार भरतो. तिथे लोक हातात कागद घेऊन दिवसभर चालतात आणि दिव्याची एक काच किंवा दाराची एक मूठ शोधत असतात. आता तर जुने भाग शोधायचीही फारशी गरज उरलेली नाही. मस्टँगचा जवळजवळ प्रत्येक भाग नव्याने बनतो. डायनाकॉर्न नावाची कंपनी मस्टँग आणि कॅमेरो यांची अख्खी नवी बॉडीच विकते. मग पठ्ठ्याने नव्या बॉडीत नवं इंजिन आणि नवं सगळं बसवलं, तर त्याने १९६७ची गाडी दुरुस्त केली की २०२०च्या दशकात नवी बनवली? या प्रश्नावर गॅरेजांत बिअरच्या किती बाटल्या रिकाम्या झाल्या असतील, देव जाणे.

घरी सगळंच होतं असंही नाही. क्रोमचा मुलामा विषारी रसायनांचं काम आहे, तो कारखान्यातच द्यावा लागतो. सिलिंडर बोअर करायला, क्रँक घासायला लेथवाल्याकडे जावं लागतं. रंग घरी मारणारे आहेत, पण आजच्या रंगांतली आयसोसायनेटं फुप्फुसांना घातक असतात आणि साध्या कापडी मास्कने ती अडत नाहीत.

इंजिन जोडून झाल्यावरची पहिली वीस मिनिटं म्हणजे खरी परीक्षा. जुन्या इंजिनांत कॅमशाफ्टचे उंचवटे सपाट टॅपेटवर घासत फिरतात. नवा कॅम टाकला असेल तर इंजिन सुरू झाल्याबरोबर ते मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वर न्यायचं आणि वीसेक मिनिटं तसंच ठेवायचं. आयडलवर सोडायचं नाही, कारण कॅमला तेल मिळतं ते क्रँकने उडवलेल्या शिंतोड्यांतून, आणि मंद गतीत ते पुरेसं उडत नाही. म्हणजे ज्या इंजिनावर वर्षभर जीव टाकला, ते पहिल्याच मिनिटाला गरजायला लावायचं. एक माणूस ॲक्सिलरेटरवर, एक तेलाच्या दाबाच्या काट्यावर, एक गळती बघत टॉर्च घेऊन खाली वाकलेला, आणि शेजाऱ्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलेलं. तेलही साधं चालत नाही. कॅमला जपणारं जस्ताचं संयुग आधुनिक तेलांत कमी केलं गेलं आहे, कारण ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं. जुन्या इंजिनांसाठी वेगळं तेल विकत घ्यावं लागतं. पेट्रोलचीही तीच कथा. शिशाच्या पेट्रोलवर १९९६पासून रस्त्यावरच्या वाहनांसाठी अमेरिकेत बंदी आली. त्या शिशामुळे व्हॉल्व्हच्या बैठका झिजण्यापासून वाचत होत्या. आता हेड उघडलंच आहे, तर कठीण धातूच्या बैठका बसवून घेतात.

इतकं सगळं झाल्यावर गाडी विकली तर घातलेला पैसा तरी सुटतो का? बहुतेक वेळा नाही. स्वतःच्या मजुरीचा हिशेब तर कुणी मांडतच नाही. हौसेला मोल नाही हे खरं, पण हौसेचं बिल असतं आणि ते सहसा अंदाजाच्या दुप्पट येतं. म्हणूनच ‘काम अर्धवट, बाकी भाग खोक्यांत’ अशा जाहिराती कायम असतात. खोलणं एका महिन्यात होतं. जोडताना कुठला बोल्ट कुठला हे आठवत नाही आणि तिथेच घोडं पेंड खातं.

गाडी होती तशी करायची की आपल्या मनासारखी, हा वाद मात्र आजचा नाही. १९३० आणि ४०च्या दशकांत दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्ड घेऊन त्यांचे मडगार्ड काढून फेकत, वजन घटवत आणि मुरॉक, एल मिराज अशा कोरड्या तळ्यांच्या सपाटीवर शर्यती लावत. फोर्डने १९३२मध्ये सामान्य माणसाच्या गाडीत व्ही-८ इंजिन घातलं होतं, हे त्यांच्या पथ्यावर पडलं. या गाड्या म्हणजे हॉट रॉड. युद्धावरून परतलेल्या तरुणांच्या हातात यंत्रांचं कसब होतं आणि खिशात थोडे पैसे. जानेवारी १९४८मध्ये रॉबर्ट पीटरसन यांनी ‘हॉट रॉड’ मासिक काढलं. १९५१मध्ये वॉली पार्क्स यांनी रस्त्यावरच्या बेकायदा शर्यती आखीव पट्टीवर आणण्यासाठी संघटना उभी केली.

वेगाचा नाद नसलेले दुसरे होते. त्यांना रूप हवं होतं. लॉस एंजेलिसजवळ सॅम आणि जॉर्ज या बॅरिस बंधूंचं दुकान होतं. ते मर्क्युरी गाडीचे खांब कापून टप काही इंच खाली आणत, सांधे वितळलेल्या शिशाने भरून गुळगुळीत करत. मासातो हिरोहाता या तरुणासाठी त्यांनी घडवलेली १९५१ची मर्क्युरी त्या काळी भलतीच गाजली. पुढे ती जुनी झाली. १९५९मध्ये एका पोराने ती ५०० डॉलरला घेतली, दशकानुदशकं सांभाळली आणि पुन्हा उभी केली, पण कारखान्यातून आली तशी नव्हे, बॅरिस बंधूंनी बदलली होती तशी! २०२२च्या लिलावात तिला वीस लाख डॉलरहून अधिक किंमत आली. इथे मूळ कुठलं आणि बदल कुठला, हे आता कुणी सांगावं?

पूर्व लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी आणखी वेगळी वाट धरली. त्यांना गाडी जमिनीलगत हवी होती, आणि चालवायची ती सावकाश, लोकांनी बघावी म्हणून. त्यांच्या या लोरायडरना वेसण घालायला कॅलिफोर्नियाने १९५८मध्ये कायदा लागू केला. गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नको. उत्तर लगेच निघालं. रॉन अगीरे यांनी आपल्या कॉर्व्हेटला विमानाच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप बसवले. कळ दाबली की गाडी खाली, पोलीस दिसला की वर. पुढे १९५८ ते ६४मधल्या शेवरोले इंपाला या पंथाच्या लाडक्या झाल्या. जेसी व्हालाडेस यांची १९६४ची इंपाला ‘जिप्सी रोझ’ अंगभर गुलाब रंगवलेली आहे. ती १९७४च्या ‘चिको अँड द मॅन’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या सुरुवातीला देशभर दिसली आणि २०१७मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत मांडली गेली. अशा गाड्यांनी रस्त्यावर फेरफटका मारण्यावर शहरांनी घातलेली बंदी कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२४पासून रद्द केली. पोलिसांना चुकवायला जन्मलेली कला नॅशनल मॉलवर पोचायला अशी साठेक वर्षं लागली.

आजच्या हौशी माणसाचा आवडता मार्ग या सगळ्यांच्या मधला आहे. त्याला रेस्टोमॉड म्हणतात. बाहेरून १९६५, आतून आजची. जनरल मोटर्सची एलएस इंजिनं १९९७च्या कॉर्व्हेटपासून आली. ती हलकी, दमदार आणि भंगारात सहज मिळणारी. म्हणून ती आज कशातही बसवली जातात, अगदी फोर्डमध्येही, आणि फोर्डवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. यात एक बदल मात्र कट्टर जुनेपणावाल्यांनीही मान्य करावा असा आहे. १९६५-६६च्या मस्टँगच्या ब्रेकला एकच नळीमार्ग होता. कुठेही गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो आणि पेडल थेट तळाला लागतं. दोन स्वतंत्र मार्गांचा मास्टर सिलिंडर आणि पुढे डिस्क ब्रेक बसवणं यात पावित्र्यभंग काही नाही. जुना भाग डब्यात घालून ठेवावा, पुढच्या मालकाला हवा तर त्याने परत लावावा. बोल्टने लावलेला बदल बोल्टने काढता येतो. कटरने केलेला नाही. गाडी बदलणाऱ्याने निदान एवढी रेष पाळायला काय हरकत आहे?

न बदलण्याचं, फार काय पण न दुरुस्त करण्याचं मोलही एका मस्टँगने दाखवून दिलं. १९६८च्या ‘बुलिट’ चित्रपटात स्टीव मॅकक्वीनने चालवलेली हिरवी गाडी न्यू जर्सीतल्या एका कुटुंबाने १९७४मध्ये ६ हजार डॉलरला घेतली. घरातली बाई ती घेऊन कामावर जायची. १९७७मध्ये मॅकक्वीनने पत्र लिहून गाडी परत मागितली, पण ती काही दिली गेली नाही. गाडी पुढे बंद पडून राहिली, नंतर यांत्रिक काम करून चालती केली गेली, पण फिकट पडलेला रंग, गंजाचे डाग, चित्रीकरणासाठी कॅमेरा बसवायला केलेली जोडणी, सगळं तसंच ठेवलं. जानेवारी २०२०मध्ये ती ३७ लाख ४० हजार डॉलरला विकली गेली. एखाद्याने हौसेने तिला नवा रंग दिला असता, तर?

या जुन्या अमेरिकन गाड्या क्युबात वेगळ्याच कारणाने जगल्या. अमेरिकेशी संबंध तुटल्यावर भाग येणं थांबलं, तेव्हा हवानातल्या शेवरोले आणि ब्युइकमध्ये मिळेल ते, रशियन किंवा डिझेल, इंजिन बसलं. तिथे हौस नव्हती, गाडी चालू राहणं म्हणजे घरात दोन पैसे येणं होतं.

मुंबईलाही डेट्रॉइटच्या या गाड्या परक्या नाहीत. जनरल मोटर्सने १९२८मध्ये शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला होता, तो १९५४पर्यंत चालला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी करार करून १९४७पासून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या. ग्रिल आणि नावाच्या पट्ट्या वेगळ्या, आतली गाडी जवळपास एकच. प्रीमियरने पुढे फियाट हाती घेतली आणि या ऐसपैस गाड्या हळूहळू भंगारवाल्यांकडे, सिनेमाच्या सेटवर किंवा एखाद्या हौशी पारशी-गुजराती-मराठी कुटुंबाच्या गॅरेजमध्ये गेल्या. त्यांतल्या काही मुंबईच्या व्हिंटेज रॅलीत अजून दिसतात.

पण अमेरिकेतला गॅरेजवाला जे करतो, त्यातलं अर्धंच इथे चालतं. कंपनीच्या मूळ आराखड्याविरुद्ध गाडीत बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे कुर्ल्याच्या डॉजमध्ये एखादं आधुनिक व्ही-८ बसवण्याचं स्वप्न स्वप्नातच बरं. २०२१मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंतर नूतनीकरणाला ५ हजार. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, तांत्रिक संशोधनासाठी, देखभालीसाठी आणि पेट्रोल भरायला रस्त्यावर काढता येते. रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. म्हणजे सत्तर वर्षांची प्लिमथ घेऊन पंपापर्यंत जाऊन येता येईल, पण येताना वाटेत मंडईत थांबून भाजी घेतली तर ते नियमात बसतं का, हे आरटीओलाच विचारावं लागेल.